निरोप पोचला का?

मीटिंग या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. ज्याला कळतं तो गप्प बसतो, ज्याला कळत नाही तो बोलत राहतो, आणि शेवटी जे ठरतं ते साहेबांनी घरून निघतानाच ठरवलेलं असतं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, ते आमच्याच धंद्याकडे बघून म्हणत असावेत. अशा माणसानं मीटिंगा चालवणाऱ्या एका बाईंबद्दल लिहायला बसावं, ही गंमतच आहे. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. बाई तर स्वतःबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

आमची कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. बाटलीत नमुना येतो, त्याला क्रमांक मिळतो, यंत्र तपासतं, डॉक्टर सही करतात आणि रिपोर्ट दवाखान्यात जातो. हे सगळं बरीच वर्षं एकच अवाढव्य प्रोग्राम करत होता. त्याला आम्ही थोरला म्हणायचो. थोरल्यासारखाच तो घरात सगळ्यांचं बघायचा आणि सगळ्यांना अडवायचाही. "थोरला रुसलाय" असं कुणी ओरडलं की आम्ही हातातला चहा ठेवून धावायचो. हा थोरला बाईंनी लिहिला होता. कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हा, जवळजवळ एकटीनं.

पुढे माणसं वाढली, तशी भांडणंही वाढली. सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणं म्हणजे घर बांधण्यासारखंच असतं, फरक इतकाच की इथे प्रत्येक गवंडी स्वतःला वास्तुविशारद समजतो. तेव्हा कधीतरी बाईंनी कोड लिहिणं कमी केलं आणि ही भांडणं चालवायचं काम अंगावर घेतलं. आम्ही त्यांना पंचबाई म्हणू लागलो. त्यांना ते आवडायचं नाही. "पंच निकाल देतो," त्या म्हणायच्या. "मी कुठे निकाल देते? मी फक्त भांडण नीट लावून देते."

बुटक्या, अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा फळ्याचा मार्कर खोचलेला, चष्मा दोरीला बांधलेला. आवाज असा की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि पुढे वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. हे त्यांना ठाऊक होतं असा माझा संशय आहे.

त्यांच्या खोलीत दोन रिवाज होते. साहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, कारण साहेब आधी बोलले की बाकीच्यांची मतं आपोआप तयार होतात. आणि दुसरा, ज्यानं माझा जीव खाल्ला, तो निरोपाचा. दोघांचं पटलं नाही की पहिल्यानं स्वतःचं म्हणणं मांडायचंच नाही. समोरच्याचं म्हणणं सांगायचं, त्याच्यासमोर, त्यात तिखटमीठ न लावता. मग बाई त्या समोरच्याला विचारायच्या, "निरोप पोचला का?" तो "पोचला" म्हणेपर्यंत पहिल्याला स्वतःच्या बाजूनं एक अक्षर बोलायची मुभा नाही.

ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. करून बघा. आमच्याकडे एक दाढीवाला होता, वयानं माझ्याहून बराच लहान, आणि हुशारीनंही, असं मी म्हणायचो. प्रत्येक प्रयोगशाळेची माहिती वेगळ्या कपाटात ठेवावी असं त्याचं म्हणणं, आणि एकाच मोठ्या कपाटात ठेवावी असं माझं. बाईंनी मला त्याचा निरोप सांगायला लावला. मी म्हणालो, "याला सगळं नवं नवं हवं असतं, म्हणून याला वेगळी कपाटं हवीत." दाढीवाला म्हणाला, "नाही पोचला." मी पुन्हा सांगितलं, जरा सभ्यपणे. "नाही पोचला." तिसऱ्या खेपेला मी चिडून त्यालाच विचारलं, "अरे मग तुला म्हणायचंय तरी काय?" खोलीत सगळे हसले. वर्षभर मी ज्याच्याशी भांडत होतो त्याला हा साधा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. शेवटी निरोप पोचला, पण सांगता सांगता मला त्याचं म्हणणं निम्मं पटून गेलं, आणि यासारखी नामुष्की दुसरी नाही.

हा रिवाज त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचलला असेल असं मला वाटायचं. एकदा दुपारी डबा खाताना विचारलं, तर म्हणाल्या, "घरून आणलाय."

त्यांचे वडील आणि काका एकाच घरात राहायचे, वडील खाली, काका वर. कशावरून तरी बिनसलं आणि दोघांनी बोलणं टाकलं. पण जिना एक, नळ एक, म्हातारी आई एक. बोलल्याशिवाय चालेना. मग ही मुलगी निरोप घेऊन वर-खाली करायची. "आधी मी मीठ लावायचे थोडं," बाई म्हणाल्या. "बाबा म्हणाले, नळ दुपारी बंद ठेवा. मी वर जाऊन सांगायचे, बाबा चिडलेत. काका त्याहून चिडायचे. मग खालीवर, खालीवर. पाय दुखायचे माझे. एके दिवशी कंटाळून नुसतं जसंच्या तसं सांगितलं, तर काका म्हणाले, बरं. एवढंच. एका फेरीत काम झालं."

"म्हणजे हे सगळं जिना चढायच्या आळसातून आलंय," मी म्हणालो.

"अगदी."

"आणि तुम्ही कुणाच्या बाजूनं होता?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ते कुणी विचारलं नाही. निरोप्याला मत नसतं. असलं तर निरोप बिघडतो."

पुढे त्यांच्या नवऱ्याची गाठ पडली तेव्हा ही गोष्ट मला आठवली. ते शाळेत भूगोल शिकवतात, गप्पिष्ट माणूस. मला म्हणाले, "अहो, पडद्याचा रंग ठरवायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. ही मला विचारते, मी हिला विचारतो. माझं म्हणणं ही माझ्यापेक्षा चांगलं सांगते. हिला कुठला रंग आवडतो ते मला आजतागायत कळलेलं नाही." ते हसत होते. बाईही हसत होत्या. पडदे शेवटी त्यांच्या आवडीचे लागले, म्हणजे नवऱ्याच्या.

आता मुद्द्यावर येतो. एका मोठ्या प्रयोगशाळेत एके सकाळी कुठल्याशा कारखान्याच्या सगळ्या कामगारांचे नमुने एकदम आले. थोरला बिचारा सगळ्यांना एकाच रांगेत उभं करणारा. त्या रांगेच्या मागे एका लहानशा इस्पितळाचा तातडीचा रिपोर्ट अडकला. टेबलावर रुग्ण, हातमोजे घातलेल्या डॉक्टर, आणि रिपोर्ट येईना. शेवटी त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून आकडे तोंडी विचारून घेतले. रुग्णाचं सगळं सुखरूप झालं. नंतर त्या डॉक्टरांनी आम्हालाही फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "आज फोन लागला म्हणून निभावलं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी सांगितलं, काय ते ठरवा. थोरल्याला ठिगळं लावून आणखी काही वर्षं चालवायचा, की तो मोडून त्याच्या जागी लहान लहान प्रोग्राम करायचे. नमुने घेणारा वेगळा, सही घेणारा वेगळा, रिपोर्ट पाठवणारा वेगळा, म्हणजे एकाच्या रांगेत दुसरा अडकणार नाही. दाढीवाला वर्षभर हेच सांगत होता. आणि मीटिंग चालवणार अर्थातच बाई. ज्यांचं उभं आयुष्य त्या थोरल्यात गेलं, त्याच बाई. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेल्या.

मग आम्ही एक उद्योग केला. चहाच्या यंत्रापाशी जमलो आणि ठरवून टाकलं की थोरला राहू द्यायचा. बाई जाईपर्यंत तरी. दाढीवाल्यानं मान डोलावली. मीही डोलावली. आमच्यात एक तपासनीस होती, प्रत्येकाच्या कामात चुका शोधणं हेच तिचं काम, म्हणून तिला सगळे नणंद म्हणायचे. तिनं सुद्धा नाक मुरडलं नाही. आम्हाला स्वतःचं कौतुक वाटत होतं. चांगली माणसं एकत्र येऊन जो गाढवपणा करतात त्याला तोड नसते.

मीटिंगला बाईंनी फळ्याच्या दोन बाजूंना दोन चित्रं काढली आणि विचारलं, "बोला." एकेक जण बोलला. थोरला ठेवावा. थोरला भक्कम आहे. थोरल्याला काही झालेलं नाही. मार्कर हातात धरून बाई ऐकत राहिल्या.

"मोडावा असं कुणाला वाटतं?"

सगळे मूग गिळून बसले.

"मग निरोप कुणी कुणाचा सांगायचा?" त्या दाढीवाल्याकडे वळल्या. "तू तर वर्षभर मोडा म्हणतोयस."

"मत बदललं माझं."

"कशानं?"

त्याचे कान लाल झाले. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा एकमेव गुण मला तेव्हाही मान्य होता.

"चहाच्या यंत्रापाशी ठरलं का?" बाईंनी विचारलं.

"हो," नणंद म्हणाली. चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय तिला राहवतच नाही, मग ती स्वतःची का असेना.

बाईंनी चष्मा काढला. आवाज होता तेवढाच राहिला, पण त्या चिडल्या होत्या, आणि मी त्यांना चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "तिकडे कुणीतरी टेबलावर पडून रिपोर्टची वाट बघतंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही इथे माझं मन राखताय. मी मागितलं होतं का?" त्यांनी मार्करला टोपण लावलं. "उद्या परत बसू. आणि उद्या ही खुर्ची नणंदेची. यात माझं काहीतरी आहे, तेव्हा मला इथे बसता येत नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं."

मला राग आला. बाईंचा, स्वतःचा, त्या चहाच्या यंत्राचा सुद्धा. जागेवर जाऊन मी थोरल्याचा कोड उघडला आणि त्यातला सगळ्यांत नावडता भाग वाचत बसलो. बाटलीवरचं नाव आणि मागणीपत्रावरचं नाव यांत जरा जरी फरक दिसला की थोरला तिथेच थांबतो. माणूस येऊन बघेपर्यंत ढिम्म हलत नाही. प्रयोगशाळा याबद्दल आम्हाला शिव्या घालायच्या आणि मी थोरल्याला. त्या दिवशी मात्र मी तो भाग शेवटपर्यंत, सावकाश वाचला.

दुसऱ्या दिवशी नणंद खुर्चीत बसली. बाई आमच्यासारख्या टेबलाच्या एका कडेला. एवढ्या वर्षांत त्या बसलेल्या कोनातून त्यांना फळा कधी दिसला नसेल, कारण त्यांची खुर्ची कायम फळ्यापाशीच असायची.

"थोरला मोडायचा म्हणणारा दाढीवाला," नणंद म्हणाली. "त्याचा निरोप बाई सांगतील."

बाईंनी सांगायला सुरुवात केली, आणि असं सांगितलं की ऐकवेना. थोरल्यात रांग एकच का आहे, तर घाई होती म्हणून. सही आणि रवानगी एकमेकांत का गुंतलीत, तर तेव्हा एकच प्रयोगशाळा होती आणि डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसायचे म्हणून. "ही गाठ मीच मारलीय," त्या म्हणाल्या. "आता ती वरवर सुटणार नाही. ठिगळ लावलं तर दुसरीकडे फाटेल. पुढच्या वेळी फोन लागेलच असं नाही." दाढीवाल्याला जी कारणं माहीत होती ती त्यांनी सांगितली, आणि जी त्याला माहीत नव्हती तीही. आपल्याच पोराचे अवगुण परक्या माणसाला सांगावेत तसं, एकही न लपवता.

"निरोप पोचला का?" नणंदेनं विचारलं.

"पोचला," दाढीवाला म्हणाला.

"आता बाईंचा निरोप तू सांग."

तो चाचरत म्हणाला, "थोरला जुना आहे, पण चालतोय. तेव्हा ठेवावा."

"नाही पोचला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही एवढी वर्षं त्याच्यावर मेहनत घेतलीत. ती अशी टाकून देणं बरं नाही."

"नाही पोचला. ते माझं म्हणणं नाही. ती तुझी दया आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कशाला मध्ये पडलो देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे. पण त्या दिवशी जिभेआधी थोडं वाचन झालेलं होतं.

"मी सांगतो," मी म्हणालो. "बाईंना थोरला ठेवायचाच नाहीये. मोडायला त्यांची ना नाही. पण थोरला हट्टी आहे. शंका आली की थांबतो. आपण त्याला त्यावरून बोल लावले, मी तर सगळ्यांत जास्त. पण इतक्या वर्षांत एका माणसाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावानं त्याच्या हातून एकदाही गेलेला नाही. फळ्यावरच्या नव्या चित्रात प्रत्येक लहान प्रोग्राम नावाची आपापली नक्कल ठेवणार. एकानं नाव सुधारलं तर दुसऱ्याला पत्ता नसणार, आणि तो न थांबता पुढे जाणार. रिपोर्ट वेळेवर पोचेल, पण कुणाचा ते सांगता येणार नाही. बाईंचं म्हणणं एवढंच आहे. रांगा हव्या तेवढ्या करा. पण बाटली कुणाची आहे हे ठरवायची जागा एकच ठेवा, आणि थांबायची ती सवय मोडू नका. बाईंनी आयुष्यभर जपलंय ते थोरल्याला नव्हे, तर त्या थांबण्याला."

नणंदेनं बाईंकडे बघितलं. "पोचला का?"

बाई टेबलावरच्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "परत सांग."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं करून चुकलंच होतं तर. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याच क्रमानं, एकही शब्द न वाढवता. या वेळी त्यांनी मान वर केली आणि संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"पोचला," त्या म्हणाल्या.

पुढचं काम भराभर झालं. आता भांडायला खरंखुरं काहीतरी होतं, म्हणून आम्ही मनसोक्त भांडलो. दाढीवाल्यानं स्वतःच्या चित्रातल्या नावांच्या नकला स्वतःच्या हातानं पुसल्या आणि मधोमध एक चौकोन काढला. बाटली कुणाची, हे फक्त तिथे ठरणार. तातडीच्या रिपोर्टची रांग आधी वेगळी करायची, मग बाकीचा थोरला हळूहळू उतरवायचा. साहेब शेवटी बोलले, आणि त्यांना नवीन बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग कुणाची हरकत आहे का हे बघायला बाई दर मीटिंगच्या शेवटी जो प्रश्न विचारायच्या, तोच नणंदेनं विचारला. "हे ठरवून उद्या कामाला लागायला कुणाचा हात अडतो?"

सगळे बाईंकडे बघू लागले.

"माझा नाही अडत," बाई म्हणाल्या.

खोली रिकामी झाली. बाई सवयीनं उठून फळा पुसायला लागल्या, तेवढा चौकोन ठेवून. मी मुद्दाम मागे राहिलो होतो, कारण मघापासून मला एक गोष्ट सलत होती.

"बाई, पहिल्यांदा काय चुकलं होतं?"

"कुठे काय चुकलं होतं?"

"मग दोनदा का सांगायला लावलंत?"

त्यांनी फडकं ठेवलं, मार्कर अंबाड्यात खोचला.

"पहिल्यांदा तू कुठे चुकतोयस का ते बघत होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नुसतं ऐकलं."